जसंच्या तसं

बोरी अरबच्या स्टँडसमोर, टायरवाल्याला लागून
माझं डीटीपीचं दुकान.
लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, तऱ्हेतऱ्हेचे अर्ज,
आणि शुद्धलेखन फुकट.
लोक ऱ्हस्व आशिर्वाद घेऊन येतात,
मी तो दीर्घ करून देते.

उन्हाळ्यात आयटीआयचे ढोके सर आले
पंचेचाळीस पानांची वही घेऊन:
पोरांसाठी प्रोग्रॅमिंगचं पुस्तक, मराठीतून.
म्हणाले, 'मजकूर तुम्ही सुधारा, वनमालाताई,
फक्त चौकटीतल्या उदाहरणांना हात लावू नका.'
मी हो म्हटलं.
तोंड हो म्हणतं तेव्हा हात ऐकत असतातच असं नाही.

ओळी आत सरकलेल्या, कुठे चार जागा, कुठे आठ,
वखर भरकटल्यासारख्या.
सगळ्या कडेला आणून लावल्या.
अवतरणं उभी होती, खिळ्यासारखी,
ती सॉफ्टवेअरनं आपणहून वळवली,
कानातल्या बाळ्यांसारखी. मला आवडली.
दोन आडव्या रेघा शेजारी शेजारी होत्या,
त्यांची एक लांब रेघ केली.
एका ओळीनंतर पूर्णविराम राहिला होता,
तोही दिला.
इतकं देखणं पान मी वर्षभरात लावलं नव्हतं.

जुलैत अंकुश टेकाम आला, पुस्तकाची सुरळी करून.
'ताई, चौदाव्या पानावरचं चालून नाही रायलं.
म्या अक्षर न् अक्षर तसंच टाकलं.'
मामाच्या जुन्या लॅपटॉपवर तीन रात्री
तो पोट्टा स्वतःलाच तपासत बसला होता.
पुस्तक चुकत असेल
हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

सरांची वही काढली. पट्टी ठेवून वाचली.
रिकामी जागासुद्धा तिथं बोलत होती,
कोणती ओळ कोणाच्या पोटात, ते सांगत होती,
आणि मी ती कचरा समजून झाडली.
सर रागावले नाहीत. चहा संपवून म्हणाले,
'हे वाचायचं लिहिणं नाही हो, करायचं आहे.
याला नटवायचं नसतं.'

मग शिकले. एक फॉन्ट असतो,
त्यात बारीक अक्षर आणि लठ्ठ अक्षर
सारखीच जागा अडवतात.
अवतरणं वळू नयेत म्हणून एक बटण असतं,
सहा वर्षं ते तिथंच होतं.
दोनशे शुद्धिपत्रकं काढली, माझ्या खर्चानं.
शीर्षक टाइप करताना हसू आलं:
त्यात मी माझी सगळी शुद्धं
मागे घेत होते.

त्याच आठवड्यात बेबीबाई मडावी आली.
'लिही माय, पंपाचं पानी लाल येऊन रायलं.
चाहा केला त फाटते.
नातीचे दात पाहाले या म्हना सायबाले.
दुरून नाही. जवळून.'
बोटं आधीच निघाली होती:
उपरोक्त विषयास अनुसरून, सदर हातपंपाचे पाणी
पिण्यायोग्य नसल्याने
थांबले.
याआधीचे दोन अर्जही मीच दिले होते तिला,
असेच, डाव्या कडेला नीट लावलेले.

खोडलं. प्रति, विषय, दिनांक, तेवढं माझं ठेवलं.
खाली चौकट आखली
आणि आत तिचं तिचं:
फाटते. पाहाले. जवळून.
ती श्वासाला थांबली तिथं जागा सोडली.
शब्दाशब्दाखाली लाल रेघ उमटली,
उमटू दिली.
वाचून दाखवलं तर म्हणाली,
'हे त मीच बोलली. तुनं काय केलं?'
आणि वीसचे दहा केले.

अंकुशचं चौदावं पान आता चालतं.
अर्जाचं माहीत नाही.
यंत्र निदान सांगतं, अमुक ओळीत चुकलं म्हणून.
पंचायत समितीतून अजून काहीच आलं नाही,
शिक्का मारलेली पोच तेवढी आहे.
तीवर बाबूनं तिचं नाव लिहिलंय:
बेबीताई माडवी.